होमब्रू वीजपट्टा आणि अदृश्य घोंगडी: माझं कुठे चुकलं?

वीस_आला_रे (धागाकर्ता) | रविवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होतो, आज धागा काढायची वेळ आली.

आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) मी. खेळ म्हणजे फासे टाकून कथा रंगवायचा डंजन्स अँड ड्रॅगन्स, त्याची पाचवी एडिशन, २०१४ चे नियम, पार्टी (खेळाडूंची पात्रं) पाचव्या लेव्हलला. दर रविवारी चार तास बसतो, त्यातला एक तास मिसळ आणि उशिरा येणाऱ्यांची वाट बघण्यात जातो. पुस्तकातल्या मॅजिक आयटमचा कंटाळा आला होता. ज्या गुहेत जावं तिथे तीच ती +१ लाँगसोर्ड (फाशाच्या आकड्यात एक मिळवणारी तलवार). म्हटलं, आपल्या मातीतलं काहीतरी करू. दोन होमब्रू (स्वतःच रचलेल्या) वस्तू केल्या.

वीजपट्टा: दांडपट्टा, रेअर (दुर्मिळतेचा दर्जा), अट्यूनमेंट नाही (वापरण्याआधी वस्तूशी जुळवून घ्यावं लागत नाही). अटॅक आणि डॅमेज दोन्हीला +२. प्रत्येक हिटला वर १डी८ (आठ बाजूंचा एक फासा) लाइटनिंग. नॅचरल २० (वीस बाजूंच्या फाशावर थेट २०) पडला की शत्रू त्याच्या पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत स्टन (सुन्न, काही करता येत नाही). हा फायटरला मिळाला.

धनगरी घोंगडी: अनकॉमन (रेअरच्या खालचा दर्जा), अट्यूनमेंट नाही. अंगावर घेऊन अजिबात हललं नाही तर अदृश्य. दिवसातून तीन वेळा, दर वेळी दहा मिनिटं. ही विझार्डने उचलली.

पहिल्या सेशनला सगळे खूश. दुसऱ्याला, मी दोन महिने जपून ठेवलेला हॉबगॉब्लिन सरदार दुसऱ्या राउंडला स्टन झाला आणि तिसऱ्याला मेला. त्याचं भाषण माझ्या वहीतच राहिलं. तिसऱ्या सेशनला टेबलावर कसलातरी जडपणा होता, आमच्यातली एक खेळाडू निम्मा वेळ फोनमध्ये. आता पट्ट्याचं डॅमेज १डी४ केलं तर भागेल का? की पट्टा चोरीला गेला असं दाखवू?

फासे_पडले | रविवार, रात्री ११:३४

वाखुसा (वाचनखूण साठवली). उत्तर माहीत नाही, पण घोंगडी ढापतोय हे आधीच सांगून ठेवतो.

त्रैराशिक | सोमवार, सकाळी ८:०५

चोरी अजिबात दाखवू नका. दिलेली वस्तू डीएमने पळवली की खेळाडू पुढची दोन वर्षं प्रत्येक एनपीसीचे (डीएमने चालवलेल्या पात्राचे) खिसे तपासतात.

आधी पट्ट्याचा हिशोब मांडू. पाचव्या लेव्हलच्या फायटरची ताकद १८ धरतो, म्हणजे अटॅकला +७. समोरच्याचा एसी (आर्मर क्लास, वार लागायला गाठायचा आकडा) १५. आठ किंवा वर पडलं की हिट, म्हणजे ६५ टक्के. साध्या लाँगसोर्डने सरासरी साडेआठ डॅमेज, दोन अटॅक. क्रिटिकल (२० पडल्यावरचं जादा डॅमेज) सोडून दिले तर राउंडला साधारण ११.

तुमच्या +२ ने हिटची शक्यता ७५ टक्के झाली. डॅमेज साडेआठवरून १५. दोन अटॅक मिळून राउंडला साडेबावीस. म्हणजे एका लुटीत फायटर दुप्पट झाला.

लोकांना +१ म्हणजे किरकोळ वाटतं, कारण वीस बाजूंच्या फाशात ते जेमतेम पाच टक्के. पण ६५ चे ७० होतात तेव्हा हिट जवळजवळ आठ टक्क्यांनी वाढतात, वर डॅमेजही वाढतं. नुसत्या +१ तलवारीने ११ चे सव्वातेरा होतात. या एडिशनमध्ये पहिल्या लेव्हलपासून विसाव्यापर्यंत प्रोफिशियन्सी बोनस (कसबाचा, फाशात मिळवायचा आकडा) +२ वरून फक्त +६ होतो. अख्ख्या करिअरमध्ये चार मिळतात आणि तुम्ही एका दुपारी दोन देऊन टाकलेत.

पाटीपेन्सिल | सोमवार, सकाळी ९:४०

त्रैराशिक यांना +१.
(घाबरू नका, अट्यूनमेंट लागत नाही.)

जुना_खेळिया | सोमवार, सकाळी १०:१५

इकडे न्यू जर्सीत मध्यरात्र झालीय, तेव्हा थोडक्यात लिहितो असं म्हणून नेहमीप्रमाणे लांबण लावतो.

त्रैराशिक, आकडे बरोबर, पण निष्कर्ष अर्धाच. पुस्तकातली फ्लेम टंग घ्या. तीही रेअर. प्लस काही नाही, प्रत्येक हिटला २डी६ आग. तुमच्याच हिशोबाने राउंडला २० च्या थोडं वर येतं. म्हणजे अधिकृत वस्तू आणि या पट्ट्यात फरक सव्वादोनचा. आता उलट टोक बघा. २०१४ च्या पुस्तकातलं व्हिशस वेपन, तेही रेअर. नॅचरल २० ला सात जास्त, बाकी काही नाही. वीस अटॅकमागे सात, म्हणजे अटॅकमागे ०.३५. एकाच शिक्क्याच्या दोन वस्तूंमध्ये इतकी तफावत! २०२४ च्या आवृत्तीत त्यांनी ते बदलून प्रत्येक हिटला २डी६ केलं, तेव्हा कुठे वाचण्यासारखं झालं. सांगायचं काय, रेअर या शब्दावर विसंबू नका.

डॅमेजपेक्षा मला तुमच्या पट्ट्यात दोन गोष्टी खटकल्या.

एक, अट्यूनमेंट नाही. एका कॅरेक्टरला तीनच वस्तूंशी अट्यून होता येतं. ती तीन खणांची फडताळी आहे. त्यात न मावणारी वस्तू तुम्ही खिशात टाकायला दिलीत, म्हणजे उद्या तुमचा फायटर पट्टा धरून वर तीन वस्तू आणखी वापरणार. माझी साधी कसोटी: वस्तू पार्टीत हातोहात फिरवून सगळ्यांना फायदा घेता येत असेल, किंवा तसाच बोनस दुसऱ्या कशातून मिळून थर चढणार असेल, तर अट्यूनमेंट लावावं. फ्लेम टंगला आहे. उडता झाडू, म्हणजे ब्रूम ऑफ फ्लाइंग, अनकॉमन असून त्याला नाही, आणि त्यामुळे किती डीएमचे डोंगर-दऱ्या-किल्ले फुकट गेले याची गणतीच नाही.

दोन, स्टन. इथे तुम्ही सेव्हच (परिणाम टाळण्यासाठी टाकायचा फासा) ठेवला नाहीत. ही खरी खोट. मोठ्या राक्षसांना लेजेंडरी रेझिस्टन्स असतो, दिवसातून सहसा तीनदा फसलेला सेव्ह पास करून घ्यायचा हक्क. पण फसायला सेव्ह तर हवा? तुमच्या पट्ट्यापुढे म्हातारा ड्रॅगन आणि गल्लीतला गॉब्लिन सारखेच.

त्रैराशिक | सोमवार, दुपारी १:३०

खेळिया काका, फ्लेम टंगचं मान्य. स्टनचा हिशोब मी टाळला होता, आता करतो. राउंडला दोन अटॅक, चार राउंडची लढाई, म्हणजे आठ फासे. त्यात एकदा तरी २० पडायची शक्यता जवळपास ३४ टक्के. दर तिसरा बॉस एक टर्न गमावणार. शिवाय स्टन झालेल्यावर सगळ्यांना ॲडव्हांटेज, म्हणजे दोन फाशांतला मोठा. त्यात २० यायची शक्यता पाचवरून पावणेदहा टक्के. एक स्टन दुसऱ्याला बोलावतो. सरदाराचं भाषण वहीत राहिलं यात आश्चर्य नाही.

लेझीम | सोमवार, दुपारी ३:०२

मी लहानपणी कोल्हापुरात मर्दानी खेळ शिकलोय. पट्ट्यावर बोललं नाही तर वस्ताद स्वप्नात येतील.

धागाकर्ते, तुम्ही लाँगसोर्डला पट्टा हे नाव दिलंत, पट्टा बनवला नाहीत. पट्ट्याची मूठ म्हणजे पंजापासून कोपराकडे जाणारी लोखंडी खोळ. आत आडवी पकड असते, ती मुठीत धरायची. मनगट वळतच नाही. पातं लांब आणि लवचीक, सगळा वार कोपरा-खांद्यातून आणि अंगाच्या गिरकीतून. हातातून पडत नाही, हिसकावता येत नाही. पण तो हात दुसऱ्या कशाच्याही कामाचा राहत नाही. नाक खाजवायची सोय नाही, राव.

तुमचं बॅलन्सिंग तिथेच पडलेलं आहे की! डिसआर्म होत नाही, हा फायदा. चढवायला किंवा काढायला एक पूर्ण ॲक्शन, आणि तोवर त्या हाताने पोशन नाही, दोरी नाही, दाराची कडी नाही. दुसऱ्या हातात ढाल घेतली तर दोन्ही हात गेले. आकडे कापायच्या आधी वस्तूचा स्वभाव लिहा.

वीस_आला_रे | सोमवार, रात्री ९:४८

लेझीम, दंडवत! हे डोक्यातच आलं नव्हतं. खेळिया काका आणि त्रैराशिक, स्टनला सेव्ह लावतो, अट्यूनमेंटही.

पण म्हणजे घोंगडी ठीक आहे ना? तिच्यात डॅमेजच नाही.

सावली | सोमवार, रात्री १०:३१

ठीक नाही.

(खाते आत्ताच उघडलं. फोनमध्ये निम्मा वेळ घालवणारी ती मीच. दादा, आपल्या ग्रुपवर लिंक टाकताना कोण कोण बघणार याचा विचार कर.)

मी आमच्या टेबलावरची रोग (लपूनछपून वार करणारं पात्र) आहे. हो, आजार. हा विनोद तीन वर्षं ऐकतेय, नवीन काही असेल तर लिहा.

त्रैराशिक, माझाही हिशोब घ्या. पाचव्या लेव्हलला माझा स्नीक अटॅक ३डी६, टर्नला एकदा. रेपियर धरून हिटला १९, ६५ टक्क्यांनी राउंडला १२ च्या थोडं वर. पट्ट्याआधी मी फायटरच्या किंचित पुढे होते, आता त्याच्या निम्म्यावर. त्याचं मला फारसं काही नाही. तो मार खातो, त्याने मारावंही.

पण घोंगडी! मी पहिल्या लेव्हलला एक्स्पर्टीज (दुप्पट कसब) स्टेल्थमध्ये (लपण्यात) घातली. आज माझा स्टेल्थ +१०. तरी फासा टाकावा लागतो, आणि दोन पडला की सगळी पार्टी माझ्याकडे बघते. आमचा विझार्ड, ज्याला जिना चढताना धाप लागते, तो दार उघडून आत जातो, कोणी आलं की भिंतीला टेकून पुतळा होतो. फासा टाकतच नाही. मागच्या रविवारी किल्ल्यात डोकवायला कोण जाणार विचारलंस, तेव्हा चौघांनी त्याच्याकडे बघितलं. तेव्हा मी फोन काढला.

वीस_आला_रे | सोमवार, रात्री १०:५२

अरे देवा. सॉरी गं. मला वाटलं ऑफिसचं काही चाललंय.

जुना_खेळिया | मंगळवार, सकाळी ७:२०

सावलीताईंनी जे लिहिलं ते माझ्या लांबणीपेक्षा कामाचं आहे.

पुस्तकातला क्लोक ऑफ एल्व्हनकाइंड बघा. अनकॉमन, अट्यूनमेंटसह. टोपी ओढली की स्टेल्थला ॲडव्हांटेज आणि शोधणाऱ्याला डिसॲडव्हांटेज (दोन फाशांतला लहान). रोल जागेवर राहतो. ज्याचा स्टेल्थ मुळात चांगला, त्यालाच त्याचा जास्त उपयोग. उलट खराखुरा अदृश्य करणारा क्लोक लेजेंडरी आहे आणि तोही एकूण दोनच तास. तुम्ही अर्धा तास अदृश्यपणा अनकॉमनमध्ये वाटलात. हलायचं नाही ही अट चांगली, पण पुरेशी नाही.

माझ्या टेबलावर हे एसीच्या बाबतीत झालं होतं. (तिकडे एसी म्हटलं की लोक रिमोट शोधतात, इथे चिलखत.) पॅलाडिनकडे प्लेट आणि ढाल, एसी २०. मी उदारपणे +१ ढाल दिली, मग +१ प्लेट, मग क्लोक ऑफ प्रोटेक्शन, मग रिंग ऑफ प्रोटेक्शन. एसी २४. +७ च्या राक्षसाचे २० वर ४० टक्के वार लागायचे, २४ वर २०. मार निम्मा! आणि यात गंमत अशी की शेवटचा +१ पहिल्यापेक्षा जड असतो. ४० चे ३५ झाले तर मार आठव्या हिश्श्याने कमी, २५ चे २० झाले तर पाचव्या हिश्श्याने. मग मी चिडून राक्षसांना +११ दिले. पॅलाडिनला थोडा मार बसू लागला, आणि एसी १३ चा आमचा विझार्ड दोन सेशनमध्ये दोनदा मेला. ज्याला वस्तू मिळाली नव्हती तो त्या वस्तूची किंमत देत होता.

फासे_पडले | मंगळवार, सकाळी १०:००

एक बाळबोध प्रश्न. "दिवसातून तीन वेळा" ही मर्यादा चांगली नाही का? पुस्तकात तर सगळीकडे चार्जेस (मोजके वापर) आणि ते परत भरणारी पहाट.

पाटीपेन्सिल | मंगळवार, सकाळी ११:२५

तुमचा एक खेळातला दिवस किती लढायांचा असतो त्यावर आहे. २०१४ चं डीएमचं पुस्तक दिवसाला सहा ते आठ मध्यम-कठीण चकमकी धरून चालतं. आमच्याकडे तीन तासांत एक मोठी लढाई झाली तरी ती पुण्याई. मग सगळे झोपतात आणि पहाट होते. आठ चकमकींत तीनदा म्हणजे काटकसर. एका चकमकीत तीनदा म्हणजे अमर्याद.

वाँड ऑफ फायरबॉल्सला सात चार्ज, पहाटे १डी६+१ परत येतात. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे फायरबॉलला लागणारे तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट (मंत्र टाकायच्या संधी) दोन. लांब दिवसात ती कांडी कौतुकाची वाटते, आखूड दिवसात ती विझार्डच्या बोकांडी बसलेला दुसरा विझार्ड. मी माझ्या होमब्रूमध्ये पहाट काढून टाकली. वस्तू भरायला काहीतरी करावं लागतं. आमच्या शंखात वारा भरायला डोंगरमाथ्यावर एक लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) घ्यावी लागते. त्यातून दोन आडकथा आयत्या मिळाल्या.

आणि "प्रत्येक हिटला" हे शब्द दिसले की थांबा. पाचव्या लेव्हलचा मंक फ्लरी (जादा वारांची सरबत्ती) धरून चार वार करतो, सावली एकच. वस्तू लिहिताना फायटर डोळ्यांपुढे असतो, पण ती जाते कुणाच्या हातात? "टर्नला एकदा" लिहिलं की बहुतेक भांडणं मिटतात.

माणदेशी | मंगळवार, दुपारी ४:१०

मला डंजन-ड्रॅगन कळत नाही, मुलगा खेळतो म्हणून धागा उघडला. पण घोंगडी कळते.

नवी घोंगडी मऊ नसते. विणून झाली की चिंचोक्याची खळ देतात, त्याने ती कडक होते. अंगावर घेऊन चाललं की करकरते, आणि लोकरीचा वास चार हातांवरून येतो. वापरून वापरून मऊ पडते. आणि कुणी "भिजली की जादू जाते" असलं लिहू नका, पावसात खोळ करून डोक्यावर घ्यायलाच ती असते. भिजली की जड होते, एवढंच.

अजून एक. घोंगडी स्वतःच घ्यायची असते असं कुणी सांगितलं? झोपलेल्या पोरावर, आजारी कोकरावर आपणच घालतो की.

सावली | मंगळवार, दुपारी ४:३८

थांबा थांबा थांबा. काका, तुम्ही आत्ता काय लिहिलंत ते तुम्हाला माहीत नाही.

पांघरूण जो घालतो त्याचा स्टेल्थ रोल धरला तर? विझार्ड खाली बसेल, मी त्याच्यावर घोंगडी नीट बसवीन, फासा माझा, +१० माझा. तो लपेल माझ्या हाताने.

वीस_आला_रे | मंगळवार, रात्री १०:१५

नवी आवृत्ती. हाणा.

वीजपट्टा, रेअर, अट्यूनमेंट लागतं. अटॅक आणि डॅमेजला +१. टर्नमधल्या पहिल्या हिटला १डी८ लाइटनिंग. नॅचरल २० ला शत्रूने कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा दम) सेव्ह करायचा, डीसी (गाठायचा आकडा) १४. फसला तर त्याच्या पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत रिॲक्शन नाही आणि स्पीड शून्य. डिसआर्म करता येत नाही. चढवायला आणि काढायला प्रत्येकी एक ॲक्शन, तोवर तो हात दुसऱ्या कामाला नाही.

धनगरी घोंगडी, अनकॉमन, अट्यूनमेंट नाही, चार्जेस नाहीत. जो तिच्याखाली अजिबात हलत नाही तो लपलेला. रोल पांघरूण घालणाराचा, ॲडव्हांटेजने. पांघरून चालायला लागलं तर खळीची करकर: स्टेल्थला डिसॲडव्हांटेज. कुत्रे, लांडगे आणि नाकाने शोधणाऱ्या कुणालाही ही लागू नाही.

त्रैराशिक | मंगळवार, रात्री १०:४७

पट्टा: ७० टक्क्यांनी साडेनऊचे दोन वार, म्हणजे १३.३. दोनांपैकी एक तरी लागायची शक्यता ९१ टक्के, तिच्यावर साडेचार, म्हणजे ४.१. एकूण साडेसतराच्या जरा खाली. +१ तलवार आणि फ्लेम टंग यांच्या मधोमध. सही केली.

जुना_खेळिया | बुधवार, सकाळी ६:५५

ठीक वाटतंय. खेळाडूंना मात्र उघड सांगा की वस्तू बदलली आणि का बदलली. मी नवी वस्तू देतानाच सांगतो, "तीन सेशन हिची चाचणी आहे, आकडे हलतील." मोठी माणसं आहेत, समजून घेतात. कथेतून सारवासारव केलीत की उलट वास येतो, घोंगडीपेक्षा जास्त.

वीस_आला_रे | पुढचा रविवार, रात्री ११:५०

रिपोर्ट.

मिसळ खाताना सगळं सांगितलं. फायटर दहा मिनिटं कुरकुरला, मग डिसआर्म होत नाही हे वाचून गप्प झाला. लढाईत त्याचे हिट पॉइंट चारवर आले, पोशन कमरेला, एका हातात पट्टा आणि दुसऱ्यात ढाल. सावलीने स्वतःची ॲक्शन घालवून त्याला पोशन पाजलं, आणि पाजताना "आ कर" म्हणाली. टेबल पाच मिनिटं हसत होतं.

घोंगडीचं मात्र ऐका. किल्ल्याच्या बोळात त्यांनी पहारेकरी ओगर बेशुद्ध केला. तेवढ्यात दुसऱ्या पहाऱ्याची पावलं. मला वाटलं, पळतील. सावली शांतपणे म्हणाली, "बेशुद्ध माणूस अजिबात हलत नाही ना?" आणि ओगरवरच घोंगडी घातली. दोन फासे, १७ आणि ९. वर दहा. सत्तावीस. चार पहारेकरी रिकाम्या दिसणाऱ्या बोळात आले आणि ओगरला अडखळून एकावर एक पडले.

त्रैराशिक | सोमवार, सकाळी ८:१०

ओगर लार्ज असतो. पाय बाहेर राहिले असतील की?

वीस_आला_रे | सोमवार, सकाळी ८:३२

आकाराची अट लिहायची राहिली.

सावली | सोमवार, सकाळी ८:३३

आता लिहायची नाही.